जुनं कापड घरचंच आणा

रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, छापखाना आणि कुलूपवाला यांच्या मधोमध, तीन पायऱ्या चढून गेलं की पट्टेबाईंची खोली लागायची. पट्टेबाई लहान मुलांच्या पायांचे कॅलिपर बनवत. दोन बाजूंना पोलादी पट्ट्या, खाली बूट, आणि पाय धरून ठेवायला घोट्याशी, पोटरीशी, मांडीशी चामड्याचे पट्टे. त्यांनाही आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर दिसे. गल्लीला, डॉक्टरांना आणि पोस्टमनला त्या पट्टेबाई म्हणूनच ठाऊक होत्या.

पन्नाशी ओलांडलेली बाई. डावा पाय जन्मापासून नव्हे, पण आठवणीच्या आधीपासून आखूड. त्या बुटाला जाड टाच लावलेली असे, तरी चालताना त्या एका अंगाला कलत, जणू शेजारून चाललेला कुणीतरी कानात काही सांगतोय आणि त्या ते ऐकतायत. दाराजवळच्या खुर्चीत त्यांची आत्या बसलेली असायची. आत्याचं वय विचारायची कुणाची छाती नव्हती. मांडीवर डबा घेऊन ती बक्कलं निवडायची, आलेल्या मुलांना बिस्किटं द्यायची आणि आलेल्या आयांना, कुणी मागो न मागो, सल्ले द्यायची.

या खोलीचे दोन रिवाज होते. पहिला कापडाचा. चामडं मुलाच्या कातडीला घासू नये म्हणून पट्ट्याला आतून मऊ अस्तर लावावं लागतं. ते अस्तर पट्टेबाई स्वतःजवळचं कधीच लावत नसत. पहिल्याच भेटीत त्या आईला सांगत, "जुनं कापड घरचंच आणा. वापरून वापरून विरलेलं. उशीचा अभ्रा, चादर, कुणाचा सदरा, काहीही. नवीन नको." कापड आलं की आधी ते नाकाशी नेत. त्यात त्या घराचा साबण, स्वयंपाक, माणसं, सगळं असे. मग मान डोलवून कात्रीला हात घालत.

दुसरा रिवाज नावांचा. मागच्या भिंतीवर खुंट्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खुंटीला चामड्याची एक पट्टी लटकवलेली. तिच्यावर ठशांनी नाव उठवलेलं: शिप्रा, पुवा, बसालेल, हुल्दा, बर्जिल्लय. कॅलिपर जितके दिवस पायात, तितके दिवस मुलाने यातलं एक नाव वापरायचं. पट्टी बुटाच्या फितीत ओवायची. पाय सुधारला की नाव परत खुंटीला.

ही नावं पट्टेबाईंच्या वडिलांची. ते खोगिरं शिवत, आणि घोडे गेले तसे कॅलिपरकडे वळले. चामड्याचे दोन थर डिंकाने चिकटवून शिकंज्यात धरले की ते सुकेपर्यंत त्यांना हातावर हात ठेवून बसावं लागे. तेवढ्यात ते इब्री, म्हणजे ज्यू लोकांचा पवित्र ग्रंथ उघडून लेकीला वाचून दाखवत. पण मोशेची गोष्ट काढावी तर डिंक सुकून खडखडीत होई, दावीदाची काढावी तर गिऱ्हाईक दारात उभं. डिंकाच्या वेळात बसतील अशी माणसं मग त्यांनी शोधून काढली. इजिप्तच्या राजाने, फारोने, इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले तेव्हा त्याला चक्क फसवणाऱ्या शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी. पवित्र मंडपाचं सगळं सोन्याचांदीचं, लाकडाचं काम करणारा बसालेल. राजा राजवाड्यात राहायला बोलावतोय, तर 'आता मला जेवणाची चवही कळत नाही, मला माझ्या गावी मरू दे' म्हणणारा म्हातारा बर्जिल्लय. हा आत्याचा लाडका. "एवढ्या मोठ्या पुस्तकात शहाणा माणूस हा एकच," असं ती म्हणे.

थंडी सुरू व्हायच्या सुमारास एक बाई लेकीला कडेवर घेऊन त्या तीन पायऱ्या चढली. अंगात राखाडी रंगाचा मोठा कोट, केस कसेतरी बांधलेले. आत पाऊल टाकता टाकताच ती म्हणाली, "माझ्या हातून पडली ही."

आत्याने डबा बाजूला ठेवला. "बस आधी."

"ताप होता हिला. लिफ्ट बंद होती. डॉक्टर निघून जातील म्हणून मी धावत जिना उतरत होते, आणि शेवटच्या वळणावर माझा पाय सटकला. हिचा पाय माझ्याखाली आला."

"बरं, पण बस."

कोटवाली बसली, मुलीला मात्र मांडीवरून सोडेना. ही हकीकत ती सगळ्यांना सांगत असे. औषधवाल्याला, बसच्या कंडक्टरला, रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला. कुणी विचारायच्या आत आपणच सांगून टाकलं म्हणजे कुणाला विचारायची वेळ येणार नाही, असा काहीतरी तिचा हिशेब असावा. हाड जुळलं होतं, पण पाऊल आत वळू लागलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, थंडी संपेपर्यंत कॅलिपर दिवसभर पायात राहिला तर पाऊल सरळ होईल. नाही राहिला, तर हाड पुन्हा मोडून जुळवावं लागेल. 

मुलगी पाचएक वर्षांची. मापं घेताना तिने हूं की चूं केलं नाही. तिचं सगळं लक्ष खुंट्यांकडे होतं.

"तुला कोण व्हायचंय?" पट्टेबाईंनी विचारलं.

मुलीने बोट केलं.

"होग्ला! छान. या पाच बहिणी होत्या बरं का. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारला, भाऊ नव्हता. जमिनीची वाटणी निघाली, तर यांना काहीच मिळेना, कारण वाटा मुलग्यांना. मग या पाचही जणी उठल्या आणि सगळ्या लोकांसमोर थेट म्होरक्यापुढे, मोशेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या बाबांचा वाटा आम्हाला द्या."

"दिला?" मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मोशेला उत्तर सुचेना. त्याने देवाला विचारलं. देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे."

मुलगी समाधानाने मागे टेकली. कोटवालीचा चेहरा मात्र उतरला. "होग्ला? बाई, हे नाव आहे की दुखणं?"

"मला आवडलं," होग्ला म्हणाली. मग रांगेच्या टोकाला असलेल्या एका रिकाम्या खुंटीकडे बघून तिने विचारलं, "ते नाव कुणाला दिलंय?"

"ते फार पूर्वी दिलंय," पट्टेबाई म्हणाल्या. "अजून परत आलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी कोटवाली कापड घेऊन आली. मऊसूत, पिवळट पडलेलं फ्लॅनेल, व्यवस्थित घडी घातलेलं. पट्टेबाईंना त्या दिवशी सर्दीने हैराण केलं होतं. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. कापड नाकाशी नेलं न नेलं, हाताला मऊ लागलं, तेवढ्यावर त्यांनी ते बेतलं आणि शिवून टाकलं. डिंक सुकला, बक्कलं बसली, होग्लाच्या बुटाच्या फितीत नाव ओवलं गेलं. ती खाडखाड करत दारापर्यंत जाऊन आली. कोटवाली दोन्ही हात पसरून तिच्यामागे अशी वाकून चालत होती, की दोघींपैकी आधार कुणाला हवाय तेच कळू नये.

दोनेक आठवडे गेले. एका सकाळी, पट्टेबाई ऐरणीवर रिवेट ठोकत असताना, दार ढकलून कोटवाली आत आली. एका कडेवर होग्ला, दुसऱ्या हातात कॅलिपर. कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"अगं, चपला दोन वेगळ्या घातल्यास की!" आत्या म्हणाली.

कोटवालीने खाली पाहिलंसुद्धा नाही. "हा कपडे धुवायच्या मशीनमध्ये होता! कपड्यांच्या तळाशी! मी बटण दाबणार, एवढ्यात आत काहीतरी खडखडलं. मी कामावर गेले की रोज काढून ठेवत होती म्हणे, आज तर मी निघायच्या आतच लपवला. सांभाळायला येतात त्या मावशी म्हणतात, मी किती सांगितलं, पण ही ऐकतच नाही. आणि मी घरी यायच्या आत पुन्हा चढवून बसायची. आता पुन्हा हाड मोडतील, बाई! माझ्या हातून एकदा झालं ते झालं, आता पुन्हा..."

"पाय दाखव, होग्ला," पट्टेबाई म्हणाल्या.

मुलीने मुकाट्याने पायमोजा खाली केला. नडगीवर, पट्टा बसतो तिथे, लालभडक वळ होता. मध्ये कातडी सोललेली.

 पट्टेबाईंनी चामडं कापायच्या रापीच्या टोकाने पट्ट्याची शिवण उसवली. घामाने आतल्या फ्लॅनेलच्या बारीक बारीक गुठळ्या झाल्या होत्या, वाळूसारख्या. सर्दी कधीच गेली होती. त्यांनी अस्तर नाकाशी नेलं.

"हे तुमच्या घरातलं नाही," त्या म्हणाल्या. "हे दुकानातलं आहे."

कोटवाली कोटाचं बटण चाचपू लागली.

"पिवळं कसं झालं मग?"

"चहाच्या पाण्यात बुडवलं," ती पुटपुटली. "पुन्हापुन्हा धुतलं. सगळ्यात महागातलं होतं, बाई. दुकानदार म्हणाला, याच्याहून मऊ काही मिळणार नाही."

आत्याला हसू आवरेना. डबा गदगदा हलला आणि दोन बक्कलं जमिनीवर घरंगळली. "चहात! म्हणजे आमच्या पट्टेबाईला बनवायला बिचारीने केवढा खटाटोप केला!"

"आत्या, गप. निम्मी चूक माझीही आहे. शेंबडं नाक घेऊन कापड घेतलं मी." पट्टेबाईंनी कॅलिपर टेबलावर ठेवला. "पण का हो? मी जुनं सांगितलं होतं ना?"

आणि मग इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "कारण मी तिला चिंध्या नाही लावणार! आधीच पाडलंय तिला. आता तिच्या पायाला जुनेर गुंडाळू? तिची गादी नवी घेतली, बूट नवे, पांघरूण नवं. तिच्या अंगाला यापुढे जे लागेल ते नवंच लागेल, असं मी तेव्हाच ठरवलंय."

पट्टेबाईंनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

"यिर्मया नावाचा संदेष्टा होता," त्या म्हणाल्या. "खरं बोलतो म्हणून दरबाऱ्यांनी त्याला एका हौदात सोडून दिलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल. तो त्यात रुतला. सगळ्यांना ठाऊक होतं, पण जो तो गप्प. राजवाड्यात परमुलखातला, कूश देशातला एक सेवक होता, एबद-मलेख. तो राजाकडे गेला, परवानगी काढली, माणसं घेतली, दोर घेतले. एवढं कुणीही केलं असतं, असं माझे बाबा म्हणायचे. पण हा माणूस हौदाकडे जाता जाता खजिन्याच्या खालच्या खोलीत वळला आणि तिथून जुनी फाटकी कापडं काढली. ती खाली सोडली आणि यिर्मयाला म्हणाला, ही बगलेत घाल आणि मग वरून दोर घे. दोर काचू नयेत म्हणून. वर अख्खा खजिना होता, ताई. रेशीम होतं. राजाचे झगे असतील. त्याने चिंध्या उचलल्या, कारण बगलेला काय सोसतं ते त्याला कळत होतं."

कोटवाली ऐकत होती. पण तिचा चेहरा सैल पडला नाही.

"गोष्ट छान आहे," ती म्हणाली. "पण त्या यिर्मयाला हौदात दुष्टांनी टाकलं होतं. त्याच्या आईने नाही."

पट्टेबाईंनी कॅलिपर बाजूला सारला. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या डब्यात बघत होती.

"ती टोकाची खुंटी," शेवटी पट्टेबाई म्हणाल्या. "तिच्यावरचं नाव मफीबोशेथ. राजा शौलाचा नातू. लढाईत बाप आणि आजोबा दोघेही पडल्याची बातमी आली तेव्हा हा होग्लाएवढाच होता. शत्रू येईल म्हणून दाईने त्याला उचललं आणि ती धावत सुटली. त्या घाईत तो तिच्या हातून पडला. दोन्ही पाय जन्माचे अधू झाले."

"हे मला कशाला सांगताय?" कोटवालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कारण बाबांनी ते नाव मला दिलं होतं. आत्याने मला पाडलं म्हणून."

"उंबऱ्यात," आत्या म्हणाली.

"जिन्यावर."

"उंबऱ्यात! तू पाळण्यातली होतीस, तुला काय आठवतंय? शेजारच्या घराला आग लागली होती. मी हिला दुपट्यासकट उचललं आणि पळाले. उंबऱ्याला ठेच लागली." आत्याने डबा खाली ठेवला. ही गोष्ट तिने आयुष्यात कितीदा सांगितली असेल कोण जाणे, पण तेवढ्यापुरता तिच्या आवाजातला खट्याळपणा गेला होता. "आणि पुढची सगळी वर्षं मी काय केलं, विचार. नवे फ्रॉक. कडक इस्त्रीचे, लेस लावलेले. दर महिन्याला एक. ही कारटी ते घालून अशी खाजवत बसायची की लोक विचारायचे, हिला खरूज झालीय का?"

होग्ला खुदकन हसली.

"शेवटी दादाने, म्हणजे हिच्या बाबांनी, मला बसवलं आणि तो मजकूर वाचून दाखवला. म्हणाला, बघ, त्या दाईबद्दल पुस्तकात एक तरी वाईट शब्द आहे का? आहे का? मी चष्मा लावून शोधला. नाही. तिने उचललं, ती पळाली, तो पडला. बस. पुस्तकात किती जणांची उणीदुणी काढलीत, राजांनासुद्धा सोडलेलं नाही, पण हिला एका शब्दाने बोल लावलेला नाही. दादा म्हणाला, नवे फ्रॉक तू हिच्यासाठी शिवत नाहीस, स्वतःसाठी शिवतेस. पोरीचं अंग सोलवटून निघतंय." आत्याने नाक ओढलं. "असा राग आला मला! दोन दिवस जेवले नाही."

"एकच दिवस," पट्टेबाई म्हणाल्या.

"तुला काय आठवतंय!"

कोटवाली रडता रडता हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा रडू आलं. तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "पण आता कापड कुठून आणू? घरात जुनं काही ठेवलंच नाही मी. सगळं देऊन टाकलं."

तेव्हा होग्ला तिच्या मांडीवरून घसरत खाली उतरली. एका पायावर तोल सांभाळत तिने आईच्या कोटाचं खालचं बटण काढलं आणि आत हात घालून काहीतरी बाहेर ओढलं. निळ्या फुलांचा, फुलं जवळजवळ पुसून गेलेला, कोपरापाशी जाळी झालेला सुती गाऊन. कोटवाली तशीच, घरातल्या गाऊनवर कोट चढवून धावत आली होती.

"हा," होग्ला म्हणाली.

"अगं, हा मी अंगात घातलाय!"

"हाच."

पट्टेबाई पुढे झुकल्या. गाऊनची कड चिमटीत धरून त्यांनी नाकाशी नेली. खूप वेळ धरून ठेवली. मग हात मागे करून त्यांनी टेबलावरची कात्री घेतली.

"उभ्या राहा, ताई."

"अहो, पण..."

"घेरापासून एक वीतभर. कोटाखाली कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल," आत्या म्हणाली. "आणि मी सांगणार सगळ्या गल्लीला."

कात्री फिरली. विरलेलं कापड आवाजही न करता सुटत गेलं. कोटवाली हात वर धरून गोल गोल फिरत होती, एखाद्या लहान मुलीला नव्या कपड्याचं माप देताना फिरवतात तशी, आणि खालून होग्ला ती लांब निळी पट्टी गोळा करत होती. पट्टेबाईंनी सगळे पट्टे उसवले, नवं अस्तर बेतलं. डिंक सुकेपर्यंत कुणालाच काही काम नव्हतं. होग्लाने दोन बिस्किटं खाल्ली आणि फारोला चक्क फसवणाऱ्या त्या दोन सुइणींची गोष्ट सांगायला लावली. नडगीला मलम लावून ती जागा टाळून पट्टा जरा वर घेतला. मग बक्कलं लागली.

"घासतंय?"

होग्लाने पाय हलवला. खाली वाकून पट्ट्याच्या कडेतून डोकावणाऱ्या निळ्या कापडाचा वास घेतला. अगदी पट्टेबाईंसारखा.

"नाही."

ती चालायला लागली. कोटवालीचे हात आपोआप पसरले.

"हात मागे घे!" आत्या खेकसली.

"पडेल ती."

"पडेल, उठेल. हात मागे घे म्हणते ना. एकमेकांत गुंतव. मीही तेच केलं."

कोटवालीने हात पाठीमागे नेले आणि बोटं इतकी घट्ट गुंतवली की ती पांढरी पडली. होग्ला खाडखाड करत दारापर्यंत गेली, वळली, परत आली.

त्या थंडीत कॅलिपर पुन्हा कधी मशीनमध्ये सापडला नाही. सुरुवातीला कोटवाली दुपारी कामावरून घरी फोन करायची आणि मावशी वैतागून फोन होग्लाच्या बुटाजवळ धरायच्या. खाडखाड ऐकू आलं की कोटवालीचा जीव भांड्यात पडायचा. पुढे पुढे फोन एक दिवसाआड झाला. मग राहूनच गेला.

थंडी ओसरल्यावर डॉक्टरांनी पाऊल दोन्ही हातांत धरून बघितलं, तिला चालायला लावलं, आणि कॅलिपर काढायला सांगितला. दोघी तो परत करायला आल्या. यावेळी कोट नव्हता. पट्टेबाईंनी पोलादी पट्ट्या सोडवल्या, त्या दुसऱ्या कुणाला कामी येणार होत्या. निळं अस्तर उसवून आईच्या हातात दिलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"आणा माझी होग्ला."

मुलीने चामड्याची पट्टी मुठीत धरली आणि मूठ पाठीमागे नेली. "मी नाही देणार."

"अगं, असं काय करतेस?" कोटवाली ओशाळली. "बाईंचं आहे ते. दुसऱ्या मुलांना लागेल."

मुलगी हलली नाही. दोन्ही पाय, दोन्ही सरळ, जमिनीवर घट्ट रोवून ती पट्टेबाईंपुढे उभी राहिली. "माझं आहे. माझा वाटा."

पट्टेबाईंना उत्तर सुचेना. इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी रिवाजाकडे, म्हणजे खुंट्यांकडे पाहिलं, टोकाच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, आणि मग नेहमीप्रमाणे आत्याकडे पाहिलं.

"पोरीचं बरोबर आहे," आत्या म्हणाली. "देऊन टाक. आणि दुसरी होग्ला कर, चामड्याचे तुकडे एवढे पडलेत."

पट्टेबाईंनी ठशांचा डबा खाली काढला.

बाहेर त्या तीन पायऱ्या होत्या. मुलगी पुढे झाली, कठड्याला हात न लावता. कोटवाली तिच्यामागे एक पायरी सोडून उतरत होती. तिचे हात पाठीमागे होते आणि बोटं एकमेकांत गच्च गुंतलेली होती.